आपली चूल बंद

वरणाच्या गंजाला, त्या उभट पातेल्याला, आतून पाच रेघा होत्या. वरची रुंद आणि फिकट, खालच्या अरुंद आणि गडद. एकेकाचं जेवण झालं की वरणाची पातळी उतरायची, पुढच्यासाठी ते गरम केलं की तिथं नवी रेघ वाळायची. गंज घासायच्या आधी उज्ज्वलानं रेघा मोजल्या. सासरे उत्तमराव सातला, सासूबाई पंचफुला मालिका संपल्यावर, मुलगी प्रियदर्शनी मोबाइलसोबत, दीर शिवम चौकातून आल्यावर आणि नवरा पवन उद्याच्या बाजाराचा भाजीपाला गाडीत चढवल्यावर. सहावी उज्ज्वला. ती स्वतःसाठी काही गरम करत नसे, म्हणून तिची रेघ नव्हती.

हे बंद करायचं, असं तिनं दोन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. ती बी.एस्सी. झालेली, ठरवायला तिला वेळ लागत नसे, बोलायला लागे. वाक्यसुद्धा तयार होतं. पण ते सगळ्यांना एकदम सांगायचं तर सगळे एका जागी सापडायला हवेत, आणि ते तसे सापडत असते तर सांगायची गरजच नव्हती.

म्हणून तिनं उत्तमरावांच्या कानावर घातलं की बऱ्याच दिवसांत मळ्यात रोडगे झाले नाहीत. निखाऱ्यात भाजलेले ते कणकेचे गोळे कोणी पाचदा गरम करत नाही. ते निघतात तेव्हा सगळ्यांनाच बसावं लागतं. उत्तमरावांना कल्पना आवडली. गवऱ्या धाकट्या भावाकडे, जगदेवकडे होत्या. त्यांनी लगेच त्याला फोन लावला.

"रविवारी मळ्यात रोडगे हायत. आपली चूल बंद. चार टोपले गवऱ्या पाठवजो."

घोळ केला तो 'आपली' या शब्दानं. उत्तमरावांच्या मनात आपली म्हणजे घरच्या सहा माणसांची. जगदेवनं ती आपल्या सगळ्यांची धरली. आणि चूलबंद बोलावणं म्हणजे त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं. वेगळं राहूनही दादानं इतक्या मोकळ्या मनानं बोलावलं, या आनंदात जगदेवनं मेडशीच्या एसटी थांब्यावर ते चौघांना सांगितलं. त्या चौघांनाही 'आपली' म्हणजे आपलीच वाटली.

रविवारी दहा वाजता उज्ज्वला सहा जणांची कणीक मळत होती. तुरीपलीकडून आधी गवऱ्या आल्या. मागून जगदेव, त्याची बायको मनकर्णाबाई, तिच्या माहेरची तीन माणसं, मग शेजारचा खेमा अख्ख्या घरासह, मग लिलाबाई सुना-नातवंडांना घेऊन. घरचे धरून आकडा चौतीसवर स्थिरावला.

पवननं हळूच सुचवलं, गैरसमज झाला म्हणून सांगून टाकू. मनकर्णाबाईनं ते ऐकलं.

"सांग ना. पन मंग जेवाचं कुठं? अख्ख्या गल्लीत सकायपासून एक चूल पेटली नाही. मी तं सिलेंडरचं बटनबी बंद करून आली."

शिवम घरोघरच्या किल्ल्या घेऊन पीठ आणायला गेला. पाच घरांची पिठं, कुठलं जाड, कुठलं बारीक, एका परातीत आली. वांगी मळ्यातच होती. डाळ मोठ्या गंजात वाढवली. रोडगे निखाऱ्यात जायला बारा वाजले आणि भाजायला दीड तास लागणार होता. उपाशी माणूस स्वस्थ बसत नाही. लिलाबाई तर उत्तमरावांच्या वांग्यांना खत कमी पडल्याचं बोलू लागल्या.

विषय बदलायला उत्तमरावांनी आट्यापाट्या काढल्या. हा खेळ सहा जणांत होत नाही, चौतिसांत होतो. मेथी निघालेल्या मोकळ्या जागेत राखेनं पाट्या आखल्या. एका गटानं पाट्यांवर उभं राहून अडवायचं, दुसऱ्यानं हुलकावणी देत पार व्हायचं. देवघरापर्यंत जाताना गुडघे आठवणारी पंचफुला पदर खोचून दुसऱ्या पाटीवर उभी राहिली आणि तिनं जगदेवला दोनदा अडवलं. जगदेवचा गट हरायला लागला तशी त्याला रोडग्यांवर लक्ष ठेवायला विस्तवापाशी बसवलेल्या दादाची आठवण झाली आणि त्यानं त्यांना खेळायला हाक मारली.

"अन् रोडगे कोन पाह्यते?" उत्तमरावांनी उठता उठता विचारलं.

"रोडगे पळून चालले का, दादा?"

रोडगे पळाले नाहीत, जळाले.

पंचफुलानं एक काळा गोळा दगडावर आपटला. कवच फुटलं, आतून पापुद्रे वाफाळत निघाले. पण निम्मेच असे वाचले. मग प्रत्येकाला एक, आणि वाटणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर व्हावी म्हणून चौतीसही जण एकाच वेळी पंगतीला बसले. मागून येणाऱ्याला काही उरणार नव्हतं. प्रयोगशाळेत इतकी नेमकी मांडणी उज्ज्वलाला कधी जमली नव्हती.

वरण मात्र खेळाच्या नादात विस्तवापासून लांब राहिलं होतं.

"उज्ज्वला, वरण तं थंडगार झालं," उत्तमराव म्हणाले आणि त्यांनी वाटी पुढं केली. पंचफुलानं केली. शिवमनं केली, पवननं केली, आणि आईकडं न बघता प्रियदर्शनीनंही केली.

उज्ज्वलानं पाचही वाट्या पाहिल्या. सगळे एका जागी होते. सगळ्यांचे हात खरकटे होते, कोणी उठून जाऊ शकत नव्हतं. शिवाय अठ्ठावीस साक्षीदार होते. तिनं आपला रोडगा कुस्करला, त्यावर तेच थंड वरण ओतलं आणि आवाज न चढवता सासऱ्यांना म्हणाली,

"मामाजी, मी वरण गरम करनार नाही. आज नाही, अन् उद्यापासून घरीबी नाही. सांजच्याले आठ वाजता एकदाच गरम होईन, तवा सहाही जनं सोबत बसू. आठनंतर येईन त्यानं थंड खावं."