हिरामणभाऊंचा रिपोर्ट

बारदान्यात कॉम्प्युटर बांधून एसटीत बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे हिरामणभाऊ डोंगरवार. ते पोतं चक्क मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टरनं विचारलं, पोत्यात काय आहे? तर म्हणे, चार गावचं पाणी. कंडक्टरनं आधी पोत्याचं बूड चाचपलं, मग लगेजचं तिकीट फाडलं.

आमची पाणी वापर संस्था आहे, अर्जुनी मोरगावकडची. उन्हाळी धानाला तलावाचं पाणी कोणाला, कोणत्या दिवशी, किती तास, हे ठरवायचं आमचं काम. मी सचिव, म्हणजे शिव्या खाणारी. भाऊ यादी ठेवणारे. साठीचा, सडाफटिंग माणूस. त्यांनी वहीतल्या पाण्याच्या साऱ्या पाळ्या खपून डेटाबेसात चढवल्या. बटण दाबलं की रिपोर्ट हजर. फक्त तो प्रोग्राम अख्ख्या पंचक्रोशीत आमच्या त्या एकाच डबड्यात होता. तालुक्याच्या साहेबांनी रिपोर्ट मागितला तेव्हा भाऊंनी पेनड्राइव्हवर फाइल पाठवली. तिकडे ती उघडेना. म्हणून भाऊ कॉम्प्युटरच घेऊन गेले. साहेबांनी दोन मिनिटं पाहिलं अन् म्हणाले, पीडीएफ करून पाठवायची ना, ती कुठेही उघडते.

झालं! भाऊंना नवा देव सापडला. पण चार गावच्या लांबलचक यादीत माणूस आपलं नाव कायले शोधत बसेल, म्हणून प्रत्येकाला त्याची एक ओळ वेगळी. ज्याच्याकडे मोबाइल साधा, त्याला छापून. मोतीबिंदूवाल्याला बोटभर अक्षरात, म्हणजे एका ओळीला दोन पानं. पाठवून झालं की फोन. पोचलं का? वाचलं का? काय वाचलं ते सांग बरं. एका बिचाऱ्याला तर त्यांनी पोरीच्या लग्नाच्या मांडवात आपली पाळी पाठ म्हणायला लावली.

कागद संपायचा आणि मी भांडायची. भाऊ, व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकली ना, पुरे झालं. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "बाई, ज्याच्यापाशी पेटी नाही, त्यालेबी भजन आयकू गेलं पाहिजे." की मी कपाळाला हात लावून कागदाचं नवं बंडल मागवायची.

गेल्या उन्हाळ्यात पाटाच्या दाराचं काम निघालं आणि सगळ्या पाळ्या दोन दिवस अलीकडे आल्या. दुपारी बारापर्यंत पीडीएफ ग्रुपवर. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तर भाऊ यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवून बसलेले. सीताबाई. पाटाच्या पार शेवटी तिचं शेत. एकटी बाई, वाचता येत नाही, मोबाइल नाही. यादीत नंबर शेजाऱ्याचा, आणि शेजारी लग्नाला गोंदियाला. तिची पाळी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला होती. धान निसवत होता, लोंब्या बाहेर पडत होत्या. ही पाळी हुकली तर पुढची दहा दिवसांनी, तोवर सारा धान पोचट.

मी म्हटलं, आपलं काम आपण केलं, आता कोणी बोट दाखवू शकत नाही. भाऊंनी तिची ओळ छापून घेतली आणि उन्हात सायकल काढली. मला असा राग आला! पण साठीचा माणूस त्या उन्हात चक्कर येऊन पडला असता तर? बडबडत स्कूटी काढली आणि त्यांना मागं बसवलं.

सीताबाई अंगणात मोहफुलं वाळवत होती. भाऊंनी कागद उलगडून तिला पूर्ण वाचून दाखवला, अगदी गट नंबरासकट. मग तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. उद्या सकाळी सहा, चार तास. ती हसत होती, हे मात्र गंभीर. कागदही तिच्या हातात दिला.

परत निघताना मी विचारलंच, "तिला वाचता येत नाही भाऊ, मग कागद काऊन दिला?"

भाऊ स्कूटीवर बसेनात. तिथंच बांधावर उभे राहिले.

"माझ्या मायलेबी वाचता येत नव्हतं," ते म्हणाले. "मी तवा विशीतला. टायपिंग शिकून पाटाच्या हापिसात नवाच कामाले लागलो होतो. अशीच पाळी बदलली. सूचना मीच टाइप केली. एक खोडखाड नाही, बाई. बोर्डावर चिपकवली अन् दिवसभर लोकायले दाखवत राहिलो. घरी सांगाचं ध्यानातच नाही आलं."

"मग?"

"पाणी येऊन गेलं. सारा धान वाळला."

त्या काळी घर त्या धानावरच चालायचं, हे मला माहीत होतं. मी हळूच विचारलं, माय रागावली असेल ना?

"रागावली असती तं बरं झालं असतं." भाऊंनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "म्हणाली, काय लिहलं होतास ते वाचून तं दाखव. मी वाचून दाखवलो. पुरं आयकून घेतलन, अन् म्हणाली, बेस लिहलास, बापू."