माळकऱ्याच्या घरी शब्बो

शहागडच्या काकासाहेबांनी उभ्या आयुष्यात मांजर पाळलं नव्हतं, आणि पाळायची हौसही नव्हती. पण शेजारच्या याकूब ट्रकवाल्याची बायको अनवरी मांजर काखेत घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा त्यांच्या तोंडून "न्हाई" निघालंच नाही. निघणार कसं? गेल्या पावसाळ्यात द्वारकाबाईंना साप चावला, तेव्हा याकूबनेच भरलेला ट्रक तसाच वळवून त्यांना जालन्याच्या दवाखान्यात पोचवलं होतं. घरधनीण आज चुलीपुढं दिसत होती ती त्याच्यामुळे.

"नणंदेची शादी हाय हैदराबादला," अनवरी म्हणाली. "शब्बोला पंधरा दिवस संभाळा, काकासाब. लेकरावाणी हाय मला. अन् हा तिचा सुकटीचा डबा."

वाळल्या मासळीचं नाव निघताच काकासाहेबांचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला. तरी ते म्हणाले, "बिनघोर जा, पोरी. तुमच्या उपकारापुढं मांजर म्हंजे काय!"

तिची पाठ वळताच त्यांनी डबा काठीला अडकवून लांबूनच गोठ्याच्या वळचणीला टांगला. "आजपासून दूधभाकरी," त्यांनी जाहीर केलं. "बघा कशी बाळसं धरती!" उपकार फेडायचे तर हात आखडता कशाला, म्हणून त्यांनी म्हशीचं निरसं दूध वाट्या भरभरून पाजलं, वर लोण्याचा गोळा.

शब्बोने बाळसं काही धरलं नाही. तिला हगवण लागली. आधी अंगण गेलं, मग भजनाची सतरंजी गेली. शेवटी तिने खाणंच सोडलं आणि कडब्याच्या गंजीत जाऊन बसली ती बसलीच.

अशात एसटीडी बूथवाला धर्मराज धावत आला. "काका, हैदराबादचा फोन!"

"शब्बो कशी हाय, काकासाब?" पलीकडून अनवरी ओरडली.

"एकदम मजेत!" इकडून काकासाहेब तिच्याहून मोठ्यानं ओरडले. "खाऊनपिऊन झोपली हाय!"

घरी येताच ते चुलीपुढं जाऊन बसले. "मांजर गेलं तर याकूबला कोणतं तोंड दाखवू? त्यानं माझं माणूस वाचवलं, अन् मी त्याचं मांजर मारून राह्यलो!"

द्वारकाबाईंचं डोकं फिरलं. "म्हशीला कडब्यावरून एकदम हिरव्या चाऱ्यावर सोडता का तुम्ही? पोट फुगंल म्हणून मूठमूठ मिसळता. मंग ह्या मुक्या जिवानं काय घोडं मारलं? काढा तो डबा!"

"अगं, पण माळ..."

"माळ तुमच्या गळ्यात हाय, मांजराच्या न्हाई!"

काकासाहेबांनी नाकाला उपरणं बांधलं आणि डबा उघडला. शब्बो गंजीतून बाहेर आली, सुकट हुंगली आणि बशी चाटूनपुसून लख्ख केली. काकासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. वासाने की आनंदाने, ते त्यांनाही कळलं नाही.

नेमकी तेव्हाच भजनी मंडळी आली. मंडळाचे म्होरके तातेराव उंबऱ्यातच थबकले. "काकासाहेब, वास कसला येऊन राह्यला?"

एक खोटं फोनवर बोलून झालं होतं, दुसरं काही जमेना. "सुकटीचा. माझ्याच हाताला येतोय," असं म्हणून त्यांनी सगळं सांगून टाकलं. "मंडळातून काढायचं तर काढा. पण याकूबचं जनावर मी उपाशी मारणार न्हाई."

तातेरावांनी टाळ खाली ठेवले. "त्या दिवशी ट्रकमंधी वहिनींच्या उशाला मीच बसल्तो," ते म्हणाले. "तुम्हाला काढणारा मी कोण? भजन आज अंगणात करू. फक्त वारा कुणीकडचा हाय तेवढं बघा."

पुढं सगळं म्हशीच्या चाऱ्यासारखं चाललं. दूध बंद. दोन दिवस नुसती सुकट, मग तिच्यात भाकरीचा चिमूटभर चुरा, मग त्याहून थोडा जास्त. पोट जरा बिघडलं की काकासाहेब पुन्हा मागं यायचे. सुकट पार सुटली नाही, पण सुकटभाकरी शब्बोला अशी मानवली, की परत आल्यावर तिला उचलताच अनवरी "या अल्ला, किती जड झाली!" म्हणून रडायलाच लागली.

काकासाहेबांनी दोघा नवराबायकोला फोनवरच्या खोट्यासकट सगळं सांगितलं. "तुझे उपकार फिटले म्हणत न्हाई, याकूब. पण ओझं थोडं हलकं झालं."

"फिटले?" याकूब म्हणाला. "माळकरी माणसानं आमच्या मांजरापायी सुकटीत हात घातला! आता मी कसं फेडू? तरी बरं, खाली हात आलो न्हाई." त्याने ट्रकमधून टोपली आणली. आत पांढरंशुभ्र पिलू होतं. "फोनवर तुमचं वरडणं मला बाजूला ऐकू आलं, तवाच म्हणलं, काकासाबला मांजराचं लई याड लागलं. खास तुमच्यासाठी हाय. निव्वळ खिम्यावर वाढलंय!"

द्वारकाबाईंनी तोंडाला पदर लावला. काकासाहेबांनी पिलू हळूच उचलून छातीशी धरलं. ते लगेच माळेचे मणी चावायला लागलं.

"लई उपकार झाले, याकूब," काकासाहेब म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. "आता एवढंच सांग. शहागडात चांगला खिमा कुठं मिळतो?"