विषय क्रमांक चार: वळण काढून टाकणे

"काका, या वळणावरून तुम्ही स्वतः एकदा तरी सायकल नेली आहे का?"

हा प्रश्न मी टेकडी सायकल मंडळाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर उभं राहून विचारला. पैज बटण आणि लांबडी या माझ्या दोन मैत्रिणींनी लावली होती. ("तुझी काही हिंमत व्हायची नाही," असं बटण म्हणाली होती. मला असं सांगणं किती धोक्याचं आहे, हे तिला अजून कळलेलं नाही.)

कोणतीही वाट वापरणाऱ्यांपेक्षा सुधारणाऱ्यांमुळे मोठी होते, हे सर्वमान्य आहे. आमच्या वस्तीमागच्या टेकडीवरची सायकलवाट तर इतकी मोठी झाली आहे की आता तिच्यावर मोटारी मावतात.

ही वाट स्वयंसेवकांनी बांधली. मंडळात बासष्ट स्वयंसेवक आहेत. एकोणसाठ जण मार्गदर्शन करतात आणि उरलेल्या तिघी खोदतो. (तिघी म्हणजे बटण, लांबडी आणि अस्मादिक.) खोदायला वयाची अट नाही. मत द्यायला मात्र अठरा पूर्ण लागतात, कारण मत देणं जबाबदारीचं काम आहे आणि कुदळ काय, फार तर आपल्याच पायावर पडते.

अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे डोंगरात चालवायची एक आणि खडीच्या रस्त्यावर चालवायची एक, अशा दोन सायकली आहेत. दोघी दर रविवारी गाडीच्या टपावर बसून टेकडीपाशी येतात, फोटो काढून घेतात आणि न मळता घरी जातात. इतकं चांगलं वळण आमच्या घरात अजून कुणाला लागलेलं नाही.

वाटेची सुधारणा अत्यंत तर्कशुद्ध पद्धतीने झाली. आधी उतारावरचे दगड काढले, कारण खजिनदारांच्या कमरेला हादरे बसतील अशी खजिनदारांच्या बायकोला धास्ती होती. दगड गेल्यावर सायकली भन्नाट सुटायला लागल्या, म्हणून उतारच सपाट केला. सपाटीवर पाणी साचलं, म्हणून फरशी बसवली. ओल्या फरशीवर चाकं घसरतात असं आढळलं, म्हणून फरशीवर सायकल चालवायला बंदी केली. (पाटी सुरेख आहे. सायकलचं इतकं हुबेहूब चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.) आता सायकली फक्त फोटोपुरत्या आणि त्याही गाड्यांवरून येतात, म्हणून खालची अर्धी वाट पार्किंगला दिली. प्रत्येक ठराव एकमताने मंजूर झाला. यात चूक कुणाचीच नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

राहता राहिलं एक वळण. ते आमचं. अख्खी सुट्टी आम्ही घमेल्यांनी माती वाहिली, वळणाची बाहेरची कड उंच केली आणि नाचून नाचून दाबली, म्हणजे सायकल बाहेर फेकली जात नाही. तिथून आडवं होऊन सुटलं की ओरडावंसं वाटतं. लांबडी तर ओरडतेच.

बैठकीचा विषय क्रमांक चार होता: सदर वळण काढून त्या जागी विसावा कट्टा बांधणे.

म्हणून तो प्रश्न.

"छान प्रश्न आहे बाळ," डॉक्टरकाका म्हणाले. "सायकल नेली नाहीये, पण नकाशात नीट पाहिलंय. फार धोक्याचं आहे."

"तिथे पडलं कोण, काका?"

"अजून कुणीच नाही. म्हणून तर वेळेवर काढायला हवं."

मतदान झालं. बाजूने चाळीस, विरोधात शून्य, तटस्थ एकोणीस. चाळिसात माझे बाबा होते. ते सुरक्षा समितीचे प्रमुख आहेत. त्यांनी हात अर्धाच वर केला होता, सचिवांनी तो पूर्ण धरला.

"बाबा, मागच्या रविवारी मी तिथून उतरले तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या!" घरी येताच मी म्हणाले.

"अगं, टाळ्या वडील म्हणून वाजवल्या. हात समितीप्रमुख म्हणून वर केला."

"हात तर तेच होते ना?" आई भाजी चिरता चिरता म्हणाली.

आई तटस्थांमध्ये होती. तिला आमचं म्हणणं पटतं. पटणाऱ्यांची संख्या लक्षणीय आहे. बैठक संपल्यावर उरलेल्या अठराही तटस्थांनी मला जिन्यात गाठून, आजूबाजूला बघत, हळूच सांगितलं, "तुझं अगदी बरोबर आहे हं!" मतदानाच्या वेळी त्यांचे हात मांडीवर होते. (वाचकहो, तुम्हीही आत्ता मान डोलावत आहात, मला दिसतंय. या की, जिन्यात अजून पुष्कळ जागा आहे.)

जेवायला बसलो तेव्हा मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "रविवारी सकाळी वळण मोडायला जेसीबी येणार आहे. त्याच्या आधीपासून मी तिथे सायकल चालवणार आहे. खाली उतरणार, वर चढणार, परत उतरणार. तो आला की फावडं घेऊन कडेवर बसणार. परवानगी मागत नाहीये, कळवतेय. बटण आणि लांबडीही येणार आहेत. त्यांच्या घरी अजून काही माहीत नाही. आई, त्यांच्या आयांना फोन तू करायचा आहेस."