मेव्हिसबाईंनी धुतलेल्या टोप्या

मेव्हिस टिंडलनं वॉशिंग मशीनचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि म्हणाली, "हर्बर्ट, आधी खाली बस."

"का? कोण गेलं?"

"पांढऱ्या गेल्या."

हर्बर्टनं वाकून पाहिलं. आत हेल्मेटवर चढवायच्या कापडी टोप्यांचा लगदा होता. स्पीडवेच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकलींच्या शर्यतीत चौघं धावतात आणि चौघांच्या डोक्यावर चार रंग असतात: यजमानांचे लाल आणि निळा, पाहुण्यांचे पांढरा आणि पिवळा. निदान सकाळपर्यंत तरी होते. मेव्हिसनं परवाच शिवलेल्या कोऱ्या लाल टोप्यांनी उकळत्या पाण्यात मोठ्या मनानं आपला रंग सगळ्यांना वाटून टाकला होता. पांढऱ्या गुलाबी झाल्या, पिवळ्या नारिंगी, निळ्या वांग्यासारख्या. एवढं दान केल्यावर लाल टोप्या स्वतः फिक्या पडल्या होत्या.

"संध्याकाळी सामना आहे, मेव्हिस!"

"मग काय, मळक्या घालून पाठवू पोरांना?"

आणि सामनाही कुठला! थॉर्बी टेरियर्सच्या मैदानावर आता सुपरमार्केट उभं राहत होतं. बेघर झालेल्या संघानं हा एक मोसम शेजारच्या क्रॉसमूरच्या ट्रॅकवर काढला होता, आणि आज शेवटच्या सामन्यात गाठ घरमालकांशीच होती. थॉर्बी गुणतक्त्यात तळाला होतं. कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानाचे मालक मिस्टर पिकार्ड पुढच्या वर्षी जागा द्यायला तयार होते. पण "तळाचा संघ माझ्या दारात नको," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. आज जिंकलं तर तळ सुटणार होता. हरलं तर टेरियर्स संपले, आणि मॅनेजर हर्बर्ट टिंडल कायमचा घरी. या दुसऱ्या गोष्टीची मेव्हिसला जास्त धास्ती होती.

क्रॉसमूरचा मॅनेजर क्लिफर्ड रॅग यानं मोसमभरात थॉर्बीला किटली दिली, फावडं दिलं, पावसात ताडपत्रीसुद्धा दिली, आणि प्रत्येक वस्तूबरोबर एक वाक्य दिलं, "उसनं आहे हं!" मेव्हिस किटली आतून पुसून परत करायची. नाही तर आतला थेंबही हा उसन्यात धरील, अशी तिची खात्री होती.

आज मात्र कागदोपत्री थॉर्बी यजमान होतं. तेवढ्या जोरावर हर्बर्टनं गरम पाण्याची ड्रेसिंग रूम हट्टानं मागून घेतली होती आणि क्लिफर्डला त्याच्याच घरात पाहुण्यांच्या गारठ्यात बसवलं होतं. आता त्याच क्लिफर्डपुढे तो गुलाबी टोपी हातात धरून उभा राहिला.

"क्लिफर्ड, तुमच्या कपाटातल्या टोप्या दे की. आजच्यापुरत्या."

"छे रे बाबा! आम्ही पडलो पाहुणे. टोप्या यजमानांनी पुरवायच्या, नियमच आहे. तू गरम पाण्यानं आंघोळ कर, डोकं शांत होईल."

रेफरीनं टोप्या हातात घेऊन पाहिल्या. "मिस्टर रॅग, हे रंग तुम्हाला चालतील?"

"यजमानांनी दिलं ते गोड मानून घेऊ," क्लिफर्ड फोटोवाल्याकडे बघत म्हणाला. "आज टेरियर्सना गुलाबी रंगात हरवायचंय!"

पहिल्याच शर्यतीत गंमत झाली. क्रॉसमूरचे हॉक्सवर्थ बंधू, नील आणि ग्लेन, म्हणजे एकमेकांना धरून धावणारी जोडी. पुढचा मागे वळून भावाला शोधायचा आणि त्याला आतून वाट करून द्यायचा. नीलनं वळून पाहिलं. दिव्यांच्या उजेडात, उडत्या मातीत मागे एक लालसर डोकं दिसलं. जाकिटं तर केव्हाच चिखलानं माखली होती. नीलनं अदबीनं बाजू दिली, आणि आतून थॉर्बीचा बॅरी सुसाट निघून गेला.

"अरे, वाट कुणाला देतोस, गाढवा!" क्लिफर्ड ओरडला.

पण तो ओरडा ऐकू कुणाला जाणार? वर्षानुवर्षं लाल डोकं पुढे दिसलं की आपलंच समजून गळा फाडून ओरडायचं, ही क्रॉसमूरच्या पब्लिकची सवय. अख्खं मैदान बॅरीसाठी दुमदुमत होतं.

थॉर्बीच्या पोरांना रंगांचा काडीचा त्रास नव्हता. बॅरी आणि त्याचा जोडीदार लेस यांचं मोसमभर पटलं नव्हतं. दोघं सोबत्याला शत्रूच समजून धावायचे, मग मागे वळून बघायचं कशाला?

अर्ध्या सामन्यात थॉर्बी पुढे गेलं, तेव्हा क्लिफर्ड कपाटातल्या टोप्या घेऊन धापा टाकत आला. रेफरीनं मान हलवली. "तुम्ही गोड मानून घेतलंत ना? आता शेवटपर्यंत याच."

क्लिफर्डनं पोरांना दम भरला, "कुणालाही वाट देऊ नका! सगळे परके समजा!" त्यानं क्रॉसमूर सावरलं. शेवटच्या शर्यतीआधी गुण बरोबरीत आले. हर्बर्टनं डोळे मिटून घेतले.

"काय चाललंय? सांग ना!"

"हॉक्सवर्थ दोघं पुढे आहेत," मेव्हिस म्हणाली.

"संपलं."

"थांब रे! ग्लेन नीलला खेटतोय... कोपर मारलं! अरे, सख्ख्या भावाला! गेले, दोघंही कुंपणात गेले!"

"लागलं का?"

"कसलं लागतंय, उठून भांडतायत!"

बॅरी आणि लेस एकमेकांना खेटत, शिव्या देत रेषेपार गेले. आपण जिंकलो हे त्यांना खाली उतरल्यावर कळलं. मिस्टर पिकार्डनी तिथंच हर्बर्टशी हात मिळवला. हर्बर्टनं मेव्हिसला उचललं, आणि पाठीत कळ आल्यावर खाली ठेवलं.

गर्दी पांगल्यावर क्लिफर्ड दारात येऊन घुटमळला. भांडायलाच आला असणार, म्हणून मेव्हिसनं पदरची चार वाक्यं तयार ठेवली.

"मेव्हिसबाई," तो हळूच म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी पहिल्या नंबरचा संघ येतोय आमच्याकडे. फार धरून धावतात हो. आमच्या पोरांना मी सांगून ठेवलंय, मागे बघायचं नाही म्हणून." तो थांबला. "पाणी किती गरम होतं?"

मेव्हिसनं टोप्यांची पिशवी त्याच्या हातात ठेवली.

"उसनं आहे हं!" ती म्हणाली.