मृणालच्या व्हिसाचा संकल्प

या, अशा जवळ येऊन बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही जरा पुढं सरकावं. देवापुढं बोललेला शब्द आजकाल कुठंकुठं जाऊन पोचतो, त्याची गोष्ट सांगतो. आपल्या बुऱ्हाणपुरातलीच आहे, आणि ऐकल्यापासून माझा आ वासलेला तो अजून पुरता मिटलेला नाही.

राजपुऱ्यातले अरविंद मास्तर म्हणजे कीर्तनाचा माणूस. एकवेळ जेवण चुकेल, कीर्तन चुकायचं नाही. त्यांची मुलगी मृणाल. केळीवर प्रक्रिया कशी करायची, याचं पुढचं शिक्षण घ्यायला तिला अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. शिकून परत यायचं आणि तापीकाठच्या केळीची पावडर करायचा कारखाना इथंच काढायचा, हे तिचं पक्कं ठरलेलं. उरला होता तो विद्यार्थी व्हिसा. त्याची मुलाखत सोमवारी, मुंबईला.

"व्हिसाची काळजी तू करू नको," मास्तर म्हणाले. "ते काम माझ्याकडे लागलं."

"तुम्ही काय करणार, बाबा?"

"शुक्रवारच्या कीर्तनाचं यजमानपण घेतलंय."

आपल्याकडे रीतच आहे. यजमानाच्या मनातली इच्छा महाराज कीर्तनात बोलून दाखवतात आणि सगळी मंडळी देवाचं नाव घेऊन तिला दुजोरा देतात. त्या दिवशी उभे राहणार होते धूलकोटचे लोटू महाराज. गळा असा, की मृदंगानं वाजायचं सोडून ऐकत बसावं. मास्तरांनी त्यांच्या कानाशी लागून सांगितलं, "पोरीचा अमेरिकेचा व्हिसा होऊ दे, इतकंच बोला."

पण 'इतकंच' हा शब्द लोटू महाराजांच्या घरी कुणी उच्चारलेला नसावा. ऐन रंगात त्यांनी टाळ थांबवले, हात वर केला.

"मंडळी, आपल्या मास्तरांची मृणाल अमेरिकेला चालली. नुसतं शिकून काय होणार? तिला तिथं पहिल्या दिवसापासून मोठी नोकरी लागो. बंगला होवो. दारात मोटार उभी राहो. आणि कायमची तिथंच राहून ती आईबापालाही बोलावून घेवो. बोला, विठ्ठल विठ्ठल."

अख्खा मांडव विठ्ठल विठ्ठल म्हणाला. सगळ्यात मोठ्यानं अरविंद मास्तर. दोन्ही हात वर, डोळ्यांना धारा.

तरंगतच घरी आले, तर मृणाल ओट्याला टेकून उभी. चेहरा तांदळाच्या पिठासारखा. हातात मोबाईल. मास्तरांचा धाकटा भाऊ प्रशांत कीर्तन मंडळाचं फेसबुक पान सांभाळतो. त्यानं अख्खं कीर्तन लाइव्ह दाखवलं होतं आणि पुतणीच्या कौतुकापोटी तिचं नावही त्याला जोडलं होतं.

"छान आलंय की," मास्तर मोबाईलमध्ये डोकावले. "माझा चेहरा जरा काळा..."

"बाबा, व्हिसासाठी माझी सोशल मीडियाची सगळी खाती पब्लिक ठेवायला लावलीयेत. ऑफिसर हे बघू शकतो. त्याला दोनच गोष्टींचा डाउट असतो. एक, ही पढाईच्या नावावर नोकरी करायला तर नाही ना चालली. तिथं कॉलेजबाहेर कामाची परमिशन वेगळी घ्यावी लागते. आणि दोन, ही वापस येणार की नाही. दोन्ही जवाब तुम्ही हात वर करून देऊन आलात."

मास्तर उभे होते तिथंच खाली बसले. फरशीवर. शोभाताईंनी नवऱ्याला पाण्याचा तांब्या दिला. "काम तुमच्याकडे लागलं होतं ना? प्या पाणी."

प्रशांत धावत आला. "दादा, टेन्शन नको घेऊ. डिलीट मारतो ना."

मारलंही. पण तोवर नेपानगरच्या भजनी मंडळानं ते कीर्तन उतरवून घेऊन आपल्या पानावर चढवलं होतं. वर लिहिलं होतं, 'नोकरीबद्दल मृणालताईंचं अभिनंदन.'

आता महाराजांनीच खुलासा करायला हवा होता. शनिवारी मास्तर प्रशांतला घेऊन धूलकोटला पोचले.

"महाराज, तो शब्द मागं घ्या."

"देवापुढं बोललेलं मागं कसं घेऊ, मास्तर? आणि त्या अमेरिकेच्या साहेबाला माझं मराठी काय समजतंय?"

"आता मोबाईलच भाषांतर करून देतो."

महाराजांच्या हातातली चहाची बशी हवेतच राहिली. "म्हणजे तो साहेब माझं कीर्तन ऐकतो?" मग त्यांनी बशी ठेवली आणि फेटा नीट केला. "असं असेल तर नीटच सांगावं लागेल."

संध्याकाळच्या कीर्तनात प्रशांतनं मोबाईल समोर धरला. महाराज थेट त्यात बघून बोलले, "साहेब, राम राम. आमची मृणाल परत येणार. तुमच्या नोकरीला हातसुद्धा लावणार नाही. नुसती येणार नाही, येऊन इथंच लग्न करणार. मंडळी, कुणाच्या पाहण्यात चांगला मुलगा असेल तर मास्तरांना कळवा." आणि मास्तरांचा फोन नंबर खणखणीत आवाजात सांगितला. मागच्यांना ऐकू गेला नसेल म्हणून पुन्हा सांगितला.

रविवारी मुंबईपर्यंतच्या प्रवासात मास्तरांचा फोन वाजत होता. "मुलगा एकुलता एक आहे, घर स्वतःचं आहे. आम्हाला मुलगी परत आलेलीच पाहिजे." एक कुटुंब तर मुलगी बघायला केळीचा घड घेऊन स्टेशनवरच आलं होतं. मृणाल खिडकीबाहेर बघत राहिली. गाडी सुटल्यापासून तिनं बापाकडे पाठ केली होती.

सोमवारी ती आत गेली. मास्तर बाहेर फुटपाथवर, फोन बंद करून बसलेले. बऱ्याच वेळानं पोरगी बाहेर आली. तोंडावरून काही कळेना.

"काय विचारलं?"

"शिकून काय करणार म्हणाला. मी केळीची पावडर सांगितली. त्याला फार आवडलं."

"मग?"

"मग व्हिसा मंजूर म्हणाला."

मास्तरांनी रस्त्यावरच हात जोडले. ओठ पुटपुटले, डोळे भरले. थोड्या वेळानं त्यांनी हलकेच विचारलं, "आणि कीर्तनाचं?"

"कीर्तनाचं काय?"

"शुक्रवारचं नाही तर नाही. धूलकोटचं तरी काढलं असेल ना त्यानं?"

"नाही, बाबा. नावसुद्धा नाही."

मास्तरांचा चेहरा पार उतरला. "एवढे लोटू महाराज," ते म्हणाले, "आणि त्यानं ऐकलंच नाही?"

तीन दिवसांत पहिल्यांदा मृणाल हसली.

ती आता तिकडे आहे. विद्यापीठाच्याच कॅन्टीनमध्ये, परवानगी आहे तेवढेच तास भांडी विसळते, बाकी वेळ अभ्यास करते. थंडी फार म्हणतात, आणि पोरगी एकटी. म्हणून तुम्ही कीर्तनाला बसाल, हात जोडाल, तेव्हा आपल्या मृणालची आठवण काढा. मनातल्या मनातच काढा. देवाला तेवढ्यानंही ऐकू जातं.