आडनाव कळलं, नाव बाकी

आमच्या वसमतच्या कॉलेजात प्राचार्यांच्या दारावरची पाटी एकदा रंगून आली, ती आडनाव हातभर आणि नाव मुंगीएवढं! प्राचार्य तापले. पाटी रंगवून आणणारे प्रयोगशाळा सहायक प्रल्हाद राठोड मात्र ढिम्म. "कायदाच हाय सर. जंतूचं आडनाव पयलं आन् कॅपिटल, मागून नाव स्मॉल. मंग माणसाला काहून येगळं?"

मी तिथंच ऑफिसात क्लार्क, त्यामुळं ही ब्याद रोज माझ्या टेबलापाशी. डबा उघडला की राठोड दह्यात डोकावणार. "लॅक्टोबॅसिलस खुश दिसून राहिला आज." अहो, जेवू द्या की माणसाला!

हट्टा गावी माझ्या मेव्हण्याच्या लग्नात तर त्यांनी माझी अब्रूच काढली. नवरीचं नाव बदलायला ताटात तांदूळ पसरले, नवरा अंगठीनं लिहिणार, तोच राठोड उठले. "थांबा! घर बदललं की आडनाव बदला, पण नावाला हात लावायचा न्हाई. पयलं ठेवलं तेच बराबर. जगभर जंतूला हा हक्क हाय, आन् पोरीला न्हाई व्हय?" सासूबाई माझ्याकडं असं बघायला लागल्या, जणू मीच बोललो. मी राठोडांना दंडाला धरून बाहेर नेलं. नवरीचं नाव मात्र शेवटी तेच राहिलं, आणि ती अजून राठोडांची चौकशी करते.

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: एका तरी जंतूचं नाव आपण ठेवायचं. डोंगरकड्याजवळ तांड्यावर त्यांचं हळदीचं शेत. तिथल्या मातीत त्यांना एक जंतू सापडला, तो कुठल्याच पुस्तकाशी जुळेना. दर महिन्याला नव्या नळीत, ताज्या खाण्यावर, चार वर्षं त्यांनी तो जपला. नळीवर चिठ्ठी, 'बॅसिलस एसपी.' "एसपी म्हंजे आडनाव कळलं, नाव ठेवायचं बाकी," हे त्यांनी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवलं. नाव मनात ठरलेलं होतं, पण सांगतील तर शपथ. शेवटी प्रयोगशाळेच्या मॅडमनी नमुना मोठ्या लॅबला पाठवला.

गेल्या महिन्यात, लॅबनं कळवलेल्या दिवशीच, उत्तर आलं. टपाल मीच फोडतो. जंतू जुनाच निघाला. परदेशात कुणीतरी कधीच त्याचं नाव ठेवून मोकळं झालं होतं. आता राठोडांना त्यांचाच 'पयलं ठेवलं तेच बराबर' हा कायदा ऐकवायचा, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण कागद वाचून झाला, तरी ते पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. मी त्यांच्याकडं खुर्ची सरकवली.

"काय ठेवणार होतात?" मी विचारलं.

"मंजुळा."

त्यांच्या बायकोचं नाव कमल, आईचं धुरपदा. "ही कोण?"

"लेक व्हती आमची. नऊ दिसाची झाली आन् गेली. बाराव्या दिशी नाव ठेवणार व्हतो. दवाखान्याच्या कागदावर नुसतं 'बेबी ऑफ कमल राठोड'. कुठं लिवलंच न्हाई तिचं नाव." मग कागदाची घडी घालत म्हणाले, "आज उत्तर येणार म्हणून कमलनं सकाळीच घुगऱ्या शिजत घातल्या. पोरीचं बारसं करू म्हणली. तिला काय सांगू आता?"

मला वाईट वाटलं, फार वाटलं. टेबलाला कुलूप लावून मी त्यांच्यासोबत निघालो.

घराच्या दारातच राठोडांनी कागद पुढं केला. कमलवहिनींनी नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं, कागद घेतलाच नाही. आत जाऊन पातेलं घेऊन आल्या आणि माझ्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या.

"घ्या भाऊजी. आमच्या मंजुळाच्या बारशाच्या."