हजेरीयंत्राची स्वारी आणि मैद्याची फत्ते

हकीकत ऐसीजे. पाव भाजणारांच्या दौलतीत, जेथे भट्टी अखंड धगधगे आणि मैद्याचा धुरळा दिवसाढवळ्या सूर्यास झाकी, तेथे थोरल्या मालकांचे मनी आले की राज्य जुनाट जाहले, आता अवघा कारभार डिजिटल करावा. मग त्यांनी चेहरा ओळखणारे हजेरीयंत्र आणविले आणि मॅनेजरसाहेबांस त्याची सरदारी दिली. साहेब गळ्यात पट्टा, हाती टॅब, बुटांस पॉलिश, ऐसे खासे. भट्टीपाशी मात्र कधी फिरकले नव्हते, कारण तेथे घाम येतो.

साहेबांनी फर्मान काढिले की यंत्र ज्यास ओळखील तोच हजर, आणि ज्याची हजेरी खंडित त्याची रजा बेलाशक रद्द. हे ऐकून मैदा मळणाऱ्या मावशींस आपल्या रजेची चिंता पडली. लेक पहिलटकरीण, दिवस भरलेले, जावयाचे फोनवर फोन, आणि रजा आठवडाअखेरची मागितलेली.

चेहरे नोंदवण्याचा मुहूर्त साहेबांनी भर कामात धरिला. लोक मळता मळता उठून आले आणि तोंडे पुसू लागले, तो साहेबांचा हुकूम जाहला की पुसापुशीस फुरसत नाही. सर्वांत पहिल्या मावशी; त्यांचे खरे नावही विचारले नाही, सगळे म्हणतात तेच टाइप केले. मग एकेकाने मैद्याने माखलेली मुद्रा पुढे केली आणि यंत्राने ती भुतांची पलटण निमूट पदरी घेतली.

दुसरे दिवशी मंडळी घरून न्हाऊन, केस विंचरून आली आणि यंत्राने एकासही ओळख दिली नाही. लाल दिवा लागे आणि आतून बाई बोले, "ओळख पटत नाही." भट्टीचे किल्लेदार जे मामा, ते भडकले.

"अगं बये, घरी बायको तरी ओळखते मला!"

मागून पाव कापणारी वहिनी म्हणाली, "तिचा नाइलाज आहे, मामा."

हशा पिकला, पण मावशी हसल्या नाहीत. त्या आत गेल्या, मूठभर मैदा तोंडास फासला आणि पुन्हा यंत्रापुढे ठाकल्या. हिरवा दिवा. "स्वागत आहे, मावशी."

मग काय, परातीवर धाडच पडली. मामांनी मिशांसकट मैदा चोपडला आणि छाती काढून उभे राहिले. "स्वागत आहे, मावशी." वहिनी गेली, तीही मावशी. पाव पोचवणारा ड्रायव्हर गेला, तोही मावशी. यंत्रास मैदा तेवढा ठाऊक, माणूस कोण ते ठाऊक नाही. आणि ठाऊक कसे असावे, आणणारासच ठाऊक नव्हते.

इतक्यात साहेब थोरल्या मालकांस यंत्राची करामत दाखवावयास घेऊन आले आणि टॅब पाहून संतापले. निवाडा दिला की यंत्र चुकत नाही, माणसे चुकतात; एकाच सकाळी मावशी इतक्यांदा हजर, सबब हा फितवा, सबब मावशींची रजा रद्द.

तेव्हा मावशी पुढे सरल्या. आवाज चढवला नाही.

"साहेब, माझी लेक अडली तर हे यंत्र जाणार आहे का तिच्या उशाशी बसायला? तुम्हीच उभे राहा समोर. तुम्हाला साहेब म्हणालं, तर मी रजेचं नाव काढणार नाही."

साहेब मागे सरकू लागले, पण मालकांनी मान हलवून आज्ञा दिली. मग मावशींनी दोन्ही तळहातांनी, जशी लेकरास पावडर लावावी तशी, साहेबांच्या मुद्रेवर मैद्याची चढाई केली. अवघी बेकरी माना उंचावून पाहू लागली. हिरवा दिवा लागला.

"स्वागत आहे, मावशी."

मालक हसता हसता पोत्यावर बसले. मामांनी साहेबांस वाकून मुजरा केला आणि म्हणाले, "मावशी, आज मैदा जरा सैल मळा."

येणेप्रमाणे मोहीम सर जाहली, ती दप्तरी रुजू करावी ऐसीजे: मालकांनी रजा त्याच दिवसापासून आपल्या हाताने मंजूर केली, चेहरे पुन्हा, धुऊन, सावकाश नोंदवावे आणि तोवर साहेबांनी रोज भट्टीपाशी उभे राहून माणसे डोळ्यांनी ओळखावी, ऐसा हुकूम निघाला. साहेबांस प्रथमच घाम आला. आणि विजयी मावशी तोंड धुवायलाही न थांबता निघाल्या, त्या लेकीच्या दारी पोचल्या तेव्हा भुवया पांढऱ्या, कानामागे मैदा, ऐशा. लेकीने खाटेवरूनच हाक मारली, "आई, आलीस!"